नेर-दारव्ह्याकडून गावी जायचंय? विमान कुठून धरायचं ते आधी बघा

कोल्हापूर-सांगलीकडून नोकरीसाठी यवतमाळ जिल्ह्यातल्या नेर, दारव्हा, बाभूळगावकडे आलेल्या नव्या मंडळींचा पहिला प्रश्न भाड्याच्या खोलीचा, आणि दुसरा सुट्टी लागली की घरी लवकर कसं पोचायचं हा. मी आता इथेच घर बांधून बसलोय, तेव्हा दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो. खोली काय, मिळतेच.

मुंबईमार्गे गावी जायचं असेल तर मोबाइलवर दोन विमानतळांमधलं अंतर बघून बेत आखू नका. अमरावतीचं बेलोरा ते मुंबई सरळ रेषेत साधारण 540 किलोमीटर, नागपूर ते मुंबई 680. वाटतं, बेलोऱ्याचं विमान आधी पोचणार. तसं होत नाही. बेलोऱ्याची धावपट्टी 1850 मीटरची. 16 एप्रिल 2025 ला इथून मुंबईची सेवा सुरू झाली ती अलायन्स एअरच्या एटीआर 72 वर. पंख्याचं विमान, ताशी 500 किलोमीटरच्या आसपास चालतं. त्याला पावणेदोन तास धरा. नागपूरचं जेट 800 च्या घरात उडतं आणि जास्त अंतर दीड तासाच्या आसपास कापतं. तिकिटावरची वेळही नुसती हवेतली नसते. विमान जागेवरून हलल्यापासून तिकडे जाऊन उभं राहीपर्यंतची असते, मुंबईवर घातलेल्या घिरट्यांसकट.

तरीही मी आधी बेलोराच बघतो, कारण खरा वेळ रस्ता खातो. नेरहून अमरावतीच्या वाटेवरच बेलोरा, सव्वा तासात पोचता. नागपूरला तीन-साडेतीन तास, आणि पावसाळ्यात त्याहून जास्त. चेक-इनचा काउंटर उड्डाणाच्या साधारण तासभर आधी बंद होतो, म्हणजे नागपूरच्या सकाळच्या विमानासाठी मध्यरात्रीच निघायचं. त्या वेळी ना एसटी, ना काळी-पिवळी. गाडी ठरवावी लागते आणि तिचं भाडं कधी कधी तिकिटाशी स्पर्धा करतं.

पण बेलोऱ्याचं विमान रोज नसतं. एक रद्द झालं की पुढचं लगेच मिळत नाही. म्हणून दिवाळीला घरी जाताना बेलोरा, आणि सोमवारी हजर व्हायचंय किंवा परीक्षेची ड्युटी आहे तेव्हा नागपूर, असं मी करतो. बेलोऱ्याचा एक फायदा कुणी सांगत नाही: बडनेरा स्टेशन जवळ आहे. सकाळचं विमान गेलंच नाही, तर मुंबईला जायला संध्याकाळची विदर्भ एक्स्प्रेस आहे.

थेट कोल्हापूरला जायचं असेल तर नागपूरहून स्टार एअरने मे 2025 मध्ये सेवा सुरू केली; सरळ अंतर 700 किलोमीटर. ती सध्या कोणत्या वारी आहे ते बघूनच रजा टाका. शेजारचे मात्र तुम्हाला म्हणतील, "काऊन सर, महाराष्ट्र एक्स्प्रेस आहे न बाप्पा." आहे खरी. बडनेऱ्याहून बसलात की गाडी न बदलता कोल्हापूर, फक्त रात्र आणि दिवस दोन्ही डब्यातच जातात. लेकरं सोबत असतील तर मी तीच घेतो.

यवतमाळला विमानतळ आहे, अकोल्याला शिवणी आहे. प्रवासी विमान मात्र दोन्हीकडून मिळत नाही, तिथली चौकशी करू नका.

एटीआरमधला वरचा कप्पा लहान असतो, मोठी ट्रॉली आत घेता येत नाही. ठेचा आणि लोणचं खाली द्यायच्या बॅगेत भरा. संत्री देणारे लोक इथे फार आहेत, तेव्हा निघण्याआधी घरीच बॅग वजनकाट्यावर ठेवून बघा.