तुमची वेबसाइट कोणी परवानगीशिवाय उचलली तर काय करावे

आपण खपून लिहिलेला मजकूर, आपण काढलेले फोटो, आपली सगळी मांडणी जशीच्या तशी दुसऱ्याच्या पत्त्यावर दिसली की कोणाच्याही डोक्यात तिडीक जाते, आणि त्यात गैर काही नाही. पण त्या भरात बहुतेक जण आधी समोरच्याला खरमरीत मेल धाडतात. तेवढे थांबवा. मेल पोचला की तो पाने बदलू शकतो, तारखा मागे ढकलू शकतो, चार शब्द इकडचे तिकडे करू शकतो. मग तक्रार करायची तर कशाच्या जोरावर? आधी पुरावा, मग तक्रार. समोरच्या माणसाशी बोलायचे की नाही, हे पुरावा हातात आल्यावर ठरवा.

पुरावा गोळा करा

नकललेल्या प्रत्येक पानाचा पूर्ण यूआरएल एका तक्त्यात लिहा आणि त्याच ओळीत आपल्या मूळ पानाचा यूआरएल. हा तक्ता पुढे प्रत्येक तक्रारीला जोडावा लागतो. ‘त्यांनी माझी अख्खी साइट चोरली’ एवढ्या वाक्यावर कोणतीही कंपनी हलत नाही. कुठल्या पानावर कुठला मजकूर आहे, हे तिच्यासमोर मांडावे लागते.

मग प्रत्येक पानाचा वरपासून खालपर्यंत स्क्रीनशॉट घ्या, त्यात पत्त्याची पट्टी आणि तारीख दिसू द्या. पान ब्राउझरमधून सेव्हही करून ठेवा, कारण त्याच्या सोर्स कोडमध्ये चोरीच्या खुणा हमखास राहतात: तुमच्या फोटोंच्या फाइलची नावे, तुमच्याच दुसऱ्या पानांकडे जाणाऱ्या लिंक, कधीकधी तर साइटवर कोण येते-जाते ते मोजणारा तुमचा अ‍ॅनालिटिक्सचा कोडसुद्धा. तो कोड तसाच राहिला असेल तर तुमच्या अ‍ॅनालिटिक्समध्ये अनोळखी डोमेनची नोंद दिसते. चोरी उघडकीला येण्याचा हाही एक मार्ग आहे.

स्क्रीनशॉट तुम्हीच काढलेला असतो, त्यामुळे त्यावर शंका घेता येते. म्हणून ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या संस्थेच्या ‘वेबॅक मशीन’वर जाऊन नकललेले पान आणि तुमचे पान, दोन्ही जतन करा. ही सेवा २००१ पासून सर्वांसाठी खुली आहे आणि जतन केल्याची तारीख ती स्वतः नोंदवते. तिथे तुमच्या पानाची जुनी प्रत आधीपासून असेल तर तिच्याइतका भक्कम पुरावा क्वचितच मिळतो. जोडीला कच्चे मसुदे, कॅमेऱ्यातले मूळ फोटो, डिझाइनच्या फाइल, बदलांचा इतिहास हेही एका फोल्डरमध्ये ठेवा.

तारखेवर इतका भर देण्याला कारण आहे. मजकूर उचलायचा, त्यावर जुनी तारीख घालायची आणि मूळ लेखकाविरुद्धच तक्रार करायची, असे प्रकार होतात. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. पानावर छापलेली तारीख कोणालाही बदलता येते, तिसऱ्या संस्थेकडे नोंदलेली तारीख बदलता येत नाही.

हक्क तुमचाच आहे ना, हे तपासा

१८८६ च्या बर्न करारात आज १८० हून अधिक देश आहेत. या करारानुसार कॉपीराइट मिळण्यासाठी नोंदणीची अट नसते. मजकूर लिहून झाला की हक्क तयार होतो, पानाच्या तळाशी कॉपीराइटची खूण असो वा नसो. मात्र हे संरक्षण तुमच्या मांडणीला असते, विषयाला किंवा माहितीला नाही. त्याच विषयावर कोणी आपल्या शब्दांत लिहिले, तर कितीही टोचले तरी ती चोरी ठरत नाही.

विकत घेतलेली थीम, परवाना घेऊन वापरलेले फोटो यांच्यावर तुमचा हक्क नसतो. ते तक्रारीतून वगळा. लेख पैसे देऊन दुसऱ्याकडून लिहून घेतले असतील तर करार काढून बघा, हक्क कोणाकडे आहे ते त्यात सापडेल. मजकूर तुम्हीच क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली, म्हणजे ठरावीक अटींवर कोणालाही वापरता येईल असा, खुला केला असेल, तर त्याच्या अटींनुसार केलेली नक्कल कायदेशीर आहे. अट मोडली असेल, उदाहरणार्थ तुमचे नाव गाळले असेल, तरच तक्रारीला जागा आहे. आणि एखाद्याने लिंक देऊन, तुमचे नाव घेऊन, दोन परिच्छेद चर्चेसाठी उद्धृत केले असतील तर माझे मत स्पष्ट आहे: सोडून द्या. असा वाजवी वापर आहे का याचा विचार केल्याशिवाय हटवण्याची नोटीस पाठवू नये, असे अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयाने २०१५ मध्ये म्हटलेलेच आहे.

नक्कल कशी होते ते ओळखा

ही पायरी लोक गाळतात, आणि इथेच अर्धा प्रश्न सुटू शकतो. नक्कल साधारण तीन तऱ्हांनी होते. कोणी एकदाच सगळी पाने उतरवून घेतो. कोणी तुमच्या फीडवर (साइटवरचे नवे लेख आपोआप बाहेर पुरवणाऱ्या यादीवर) प्रोग्राम लावून ठेवतो, म्हणजे तुमचा प्रत्येक नवा लेख आपोआप तिकडे जातो. तिसऱ्या तऱ्हेत नकली साइटवर काही साठवलेलेच नसते: वाचकाने पान मागितले की तिचा सर्व्हर त्याच क्षणी तुमच्या सर्व्हरवरून ते आणतो आणि आपल्या पत्त्यावर दाखवतो.

ओळखायचे कसे? आपल्या एका जुन्या पानावर सहज नजरेत न येणारा, दुसरीकडे कुठेही नसलेला शब्द घाला आणि नकली पान रिफ्रेश करा. शब्द लगेच उमटला तर नक्कल थेट तुमच्या सर्व्हरवरून चालू आहे. जुने पान बदलत नाही पण नवे लेख तेवढे पोचतात, तर बहुधा फीडवर डल्ला आहे.

थेट नक्कल असेल तर नकली साइटच्या पत्त्याच्या शेवटी, अस्तित्वात नसलेल्या पानाचे काहीतरी विचित्र नाव जोडून ते उघडा. लगेच आपल्या सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे आलेल्या प्रत्येक विनंतीच्या नोंदवहीत, ते नाव शोधा. ज्या आयपी पत्त्यावरून ती विनंती आली, तो चोराच्या सर्व्हरचा. तो फायरवॉलमध्ये अडवा, नकली साइट जागच्या जागी कोरी पडते. हुशार चोर आयपी बदलून परत येतो, पण पुष्कळ जण दुसरे सोपे सावज शोधायला निघून जातात.

फीडमधून चोरी असेल तर पूर्ण लेखाऐवजी फक्त सारांश जाईल अशी सेटिंग करा, आणि लेखातल्या अंतर्गत लिंक पूर्ण पत्त्यासह द्या, म्हणजे नकली पानावरचा वाचकही तुमच्याकडे येतो. प्रत्येक पानात कॅनॉनिकल टॅगही (मूळ पानाचा पत्ता सांगणारी कोडमधली ओळ) पूर्ण पत्त्यासह असू द्या. चोराने तो न बदलता उचलला, तर मूळ पान कोणते हे त्याचे पानच सर्च इंजिनला सांगते. फोटो तुमच्याच सर्व्हरवरून तिकडे दिसत असतील, तर बाहेरच्या डोमेनवरून येणारी विनंती नाकारण्याची सोय सर्व्हरमध्ये असते. अशा वेळी फोटोच्या जागी अपशब्दांचे चित्र पाठवण्याचा सल्ला देणारे भेटतील. ते करू नका. ते चित्र तुमच्या सर्व्हरवरून गेलेले असते आणि बघणारा निरपराध वाचक असतो.

एक प्रकार मात्र निराळा आणि तातडीचा आहे. नकली साइटवर लॉगिनची किंवा पैसे भरण्याची सोय असेल, तर ती तुमच्या ग्राहकांना फसवण्यासाठी उभी केलेली आहे. मग कॉपीराइटच्या वाटेने जाण्यात दिवस घालवू नका. साइटच्या फाइल आपल्या सर्व्हरवर ठेवणारी होस्टिंग कंपनी आणि डोमेन विकणारा रजिस्ट्रार या दोघांकडे फिशिंग (खऱ्या साइटचा मुखवटा घालून केलेली फसवणूक) म्हणून तक्रार करा, धोकादायक साइटबद्दल वाचकांना सावध करणाऱ्या गूगलच्या सेफ ब्राउझिंग सेवेला पत्ता कळवा, सायबर पोलिसांना सांगा आणि आपल्या साइटवर ठळक सूचना लावा. लोकांचे पैसे वाचवणे आधी.

समोरच्याला लिहावे का

नकली साइटमागे नाव-पत्ता असलेला खराखुरा व्यवसाय दिसत असेल तर जरूर लिहा. साइट बनवून देणाऱ्याने दुसरीकडचा मजकूर चिकटवलेला असतो आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो, असे अनेकदा निघते. मेल छोटा असावा:

‘नमस्कार. आपल्या साइटवरील खालील पानांवर माझ्या साइटवरील मजकूर व छायाचित्रे माझ्या परवानगीशिवाय वापरलेली आहेत. दोन्ही पानांचे पत्ते सोबत दिले आहेत. हा मजकूर सात दिवसांत काढून टाकून तसे कळवावे, ही विनंती. तसे न झाल्यास मला आपल्या होस्टिंग कंपनीकडे औपचारिक तक्रार करावी लागेल.’

एवढे पुरे. जी कारवाई तुम्ही करणार नाही तिची धमकी घालू नका. नावगाव नसलेली, जाहिरातींनी भरलेली साइट असेल तर ही पायरी सरळ गाळा.

होस्टिंग कंपनीकडे तक्रार

डोमेन कोणाकडे नोंदलेले आहे ते आयकॅन या संस्थेच्या शोधसेवेवर दिसते. २०१८ मध्ये युरोपचा खासगी माहितीचा कायदा लागू झाल्यापासून मालकाचे नाव बहुधा झाकलेले असते, पण रजिस्ट्रारचे नाव आणि गैरवापराच्या तक्रारीचा ईमेल सापडतो. रजिस्ट्रार म्हणजे होस्ट नव्हे. साइटच्या फाइल दुसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवर असू शकतात. त्यासाठी डोमेनचा आयपी पत्ता काढा आणि तो कोणाच्या नेटवर्कमधला आहे ते शोधा. तिथे क्लाउडफ्लेअरसारखे नाव आले तर तो बहुधा वाचक आणि खरा सर्व्हर यांच्यामधला पडदा असतो. त्यांच्या फॉर्मवर तक्रार केली की ते ती खऱ्या होस्टकडे पाठवतात.

तक्रारीचा सर्वाधिक रुळलेला नमुना अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्यातला आहे. नोटीस मिळाल्यावर मजकूर तत्परतेने हटवला तर होस्टला कायदेशीर संरक्षण मिळते, म्हणून कंपन्या तिला दाद देतात. ती पाठवायला अमेरिकेचे नागरिक असावे लागत नाही, वकीलही लागत नाही. तिच्यात मूळ कामाची ओळख, नकली पानांचे नेमके पत्ते, तुमचा संपर्क, या वापराला परवानगी नाही असा तुमचा प्रामाणिक समज असल्याचे वाक्य, माहिती अचूक असल्याचे व तक्रार करण्याचा अधिकार असल्याचे शपथपूर्वक विधान आणि सही, इतके हवे. इलेक्ट्रॉनिक सही चालते. जाणूनबुजून खोटी नोटीस दिली तर नुकसानभरपाई भरावी लागू शकते. होस्ट युरोपियन युनियनमधला असेल तर तिथल्या डिजिटल सर्व्हिसेस कायद्यानुसार बेकायदा मजकुराची तक्रार नोंदवण्याची सोय त्याला ठेवावीच लागते.

तुमच्या नोटिशीची प्रत समोरच्याच्या हाती पडू शकते. म्हणून घरच्या पत्त्याऐवजी कार्यालयाचा किंवा पोस्ट बॉक्सचा पत्ता द्या. समोरच्याने मजकूर हटवण्यावर हरकत घेणारी प्रतिनोटीस दिली आणि तुम्ही न्यायालयात गेला नाहीत, तर साधारण १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत मजकूर परत लावला जाऊ शकतो. बिनबुडाची नोटीस इथे उघडी पडते.

सर्चमधून हटवा

होस्टच्या उत्तराची वाट बघत बसू नका. गूगलच्या कॉपीराइट फॉर्मवर तोच तक्ता वापरून त्याच दिवशी तक्रार करा. बिंगचा फॉर्म वेगळा आहे. यामुळे पान नष्ट होत नाही, पण शोधात दिसेनासे होते, आणि जाहिरातींवर जगणाऱ्या साइटला हा घाव वर्मी लागतो. एखाद्या साइटविरुद्ध अशा वैध तक्रारी वाढल्या तर तिचे शोधातले स्थान घसरू शकते, हे गूगलने २०१२ मध्येच जाहीर केले आहे. या नोटिसा ‘ल्युमेन’ नावाच्या सार्वजनिक संग्रहात जातात, तिथे तुमचे नाव दिसू शकते, हे लक्षात असू द्या. नकली साइटवर जाहिराती असतील तर जाहिरात पुरवणाऱ्या कंपनीलाही कळवा.

आठवड्याभरात होस्टचे उत्तर आले नाही तर तक्रार क्रमांक देऊन स्मरणपत्र पाठवा. त्यानेही कानावर हात ठेवले, तर त्याला नेटवर्क पुरवणाऱ्या कंपनीकडे जा. आर्थिक नुकसान मोठे असेल, तर जमवलेला पुरावा घेऊन कॉपीराइटचे काम करणाऱ्या वकिलाला भेटा.

पान हटले की त्याची तारीख तक्त्यात लिहा आणि रिकाम्या पानाचाही स्क्रीनशॉट ठेवा. लेखाच्या मधल्या भागातले एखादे खास वाक्य अवतरणचिन्हांत घालून अधूनमधून शोधा, किंवा त्या वाक्याचा गूगल अलर्ट लावा; सुरुवातीची वाक्ये चोर बदलतात, मधली सहसा तशीच राहतात. तोच मजकूर नव्या डोमेनवर उगवला तर तक्ता तयारच आहे, त्यात फक्त नकली पत्त्यांचा रकाना नव्याने भरायचा.