ठाण्याहून नागपूर: विमान दीड तासाचं, प्रवास सहा तासांचा

विदर्भातून नोकरीसाठी ठाण्यात, ऐरोलीत, घणसोलीत नव्याने आलेली पोरं हमखास म्हणतात, "नागपूर काय, दीड तासात पोचतो." तिकिटावर तसंच लिहिलेलं असतं. पण आईला "जेवायला येतो" असं कळवण्याआधी हिशोब नीट मांडा.

मुंबई ते नागपूर हवाई अंतर सुमारे ६८० किलोमीटर. जेट विमान प्रत्यक्ष हवेत तासाभराहून थोडंच जास्त असतं, बाकीचा वेळ धावपट्टीच्या रांगेत जातो. शिवाय मुंबईत विमान बहुधा समुद्राच्या दिशेने उडतं आणि मग वळून पूर्वेकडे निघतं. परतताना ते कोपरखैरण्याच्या बाजूने खाली येतं. खिडकीतून खाडी दिसते, इमारती दिसतात, आपलं घर इथेच कुठेतरी आहे हे कळतं, आणि त्याच घराच्या दारात पोचायला पुढे तास-दीड तास लागतो.

खरी परीक्षा सहारला, म्हणजे मुंबई विमानतळावर, पोचण्याची. घोडबंदरहून संध्याकाळी टॅक्सीच्या भरवशावर राहू नका. ठाण्याहून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने मरोळ नाका आणि तिथे भुयारी मेट्रो पकडली की पुढचंच स्थानक टी-२, म्हणजे विमानतळाचं टर्मिनल दोन. बॅग एकच असेल तर यासारखा उत्तम मार्ग नाही. विमान टी-१ चं असेल तर आणखी दोन स्थानकं पुढे. बॅग देण्याचं काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं, म्हणून घरून निघायचं ते उड्डाणाच्या साडेतीन तास आधी. त्यात विमानाचा दीड तास आणि उतरल्यावर घर गाठायचा वेळ धरला की झाले सहा तास.

२५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळही सुरू झालंय. बेलापूर, उलवे, पनवेलवाल्यांची मोठी सोय झाली. घोडबंदरवाल्यांना मात्र ते लांबच. तिकीट काढताना कोड बघाच: बीओएम म्हणजे मुंबई, एनएमआय म्हणजे नवी मुंबई.

आता मुख्य गोष्ट. तुमचं घर नागपुरातच आहे का? वर्ध्याच्या माणसाने नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरून पुन्हा मागे यायचं, यात अर्थ नाही. त्यापेक्षा विदर्भ एक्सप्रेस संध्याकाळी ठाण्यालाच मिळते आणि सकाळी वर्ध्याला सोडते. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, दिवाळीचं तर त्याच सकाळी करा. अमरावतीला एप्रिल २०२५ पासून मुंबईहून विमान जातं. अंतर नागपूरपेक्षा कमी, साडेपाचशे किलोमीटरच्या आत, तरी वेळ पावणेदोन तास, कारण ते पंख्यांचं छोटं विमान आहे. वार बघूनच रजा टाका.

सणासुदीला मी रेल्वेच सांगेन. पण घरी कोणी आजारी असेल तर विचार करत बसू नका, सकाळचं पहिलं विमान धरा. पहाटे रस्ते मोकळे असतात, आणि दुपारच्या आत तुम्ही दवाखान्यात असता.