पोडावरच्या वर्गात माझा, माझी, माझं

धारणीकडे, झरी जामणीच्या कोलाम पोडावर (म्हणजे वस्तीवर) किंवा गडचिरोलीतल्या एखाद्या टोल्यावर, म्हणजे पाड्यावर, शिक्षक म्हणून पहिलीच नेमणूक झाली असेल, तर एक गोष्ट आधीच ठाऊक असू द्या. पहिली-दुसरीच्या मुलांना मराठी कळू लागते, पण लिंग बराच काळ घसरत राहतं. ‘बाई आला’, ‘माझा पाटी’. म्हणून पोर मठ्ठ आहे असा शेरा मारू नका. त्याची घरची भाषाच वेगळी आहे. धारणीकडची कोरकू मुंडा कुळातली, तिच्यात सजीव-निर्जीव असा भेद चालतो. गोंडी आणि कोलामी द्राविडी आहेत. तिथं माणूस-पुरुष एका बाजूला. बाई, बकरी आणि दगड दुसऱ्या बाजूला. पाटी ‘ती’ आणि दगड ‘तो’ का, याचं उत्तर मुलाच्या भाषेत नाही. आपल्याकडे तरी कुठं आहे? त्यात टीव्हीवरची हिंदी. तिला नपुंसकलिंगच नाही आणि पुस्तक तिथं स्त्रीलिंगी!

आता तो खड्डा, ज्यात जवळजवळ प्रत्येक नवा गुरुजी पडतो: तो, ती, ते आणि त्यांचं अनेकवचन यांचा एकच तक्ता पहिल्याच आठवड्यात भिंतीवर लावणं. दिसायला सुंदर, तपासणीला आलेल्या साहेबांना आवडणारा. पण मुलाच्या नजरेनं तो वाचून बघा. ‘ते घर’ एकवचन. ‘ते मुलगे’ अनेकवचन. ‘ते गुरुजी’ म्हणजे माणूस एकच, पण मानाचा. ‘ती पाटी’ एक, ‘ती घरं’ पुष्कळ. एकाच ‘ते’ची तीन कामं आणि एकाच ‘ती’ची दोन. क्रियापदात तीच गत: ‘फांदी पडली’ आणि ‘झाडं पडली’. मूल शहाणं असतं, ते नियम शोधतंच. सापडत नाही म्हटल्यावर सगळीकडे एकच रूप वापरायला लागतं आणि ती सवय चौथीपर्यंत जात नाही. हे हसण्यावारी नेऊ नका.

यावर उपाय साधा आहे. सुरुवात तो-ती-तेनं न करता माझा-माझी-माझंनं करा, आणि दिवाळीपर्यंत अनेकवचनाला हात लावू नका. ‘माझं’ हे रूप दुसऱ्या कोणाशी भांडत नाही. ‘माझे’ लिहिलंत की ‘माझे घर’ आणि ‘माझे मित्र’ लगेच गुंततात, म्हणून फळ्यावरही अनुस्वारच द्या. संवाद लिहिताना तो लेखननियमांनाही चालतो. पुस्तकातलं ‘माझे’ नंतर ओळखीचं करून देता येतं. एखादं पोर वऱ्हाडी ‘माहा, माही, माहं’ म्हणालं तर बिनधास्त म्हणू द्या. त्यात तिन्ही लिंगं नीट वेगळी आहेत.

पहिल्या दिवशी एक थैली आणि सहा वस्तू, प्रत्येक लिंगाच्या दोन: डबा, रुमाल, पाटी, बांगडी, फूल, पान. वस्तू मुलांच्याच हव्यात. थैलीतून काढा, विचारा: “हा डबा कोणाचा?” ज्याचा असेल तो ओरडतो, “माझा!” उत्तर खरोखरच कोणाला तरी ठाऊक असतं आणि कोणाला नसतं, म्हणून खेळ रंगतो. स्वतःच्या टेबलावरचा खडू उचलून “हा काय आहे?” विचारलंत तर वर्ग झोपतो. तीन दिवसांनी वस्तू लपवा: डबा सापडला, पाटी सापडली, फूल सापडलं. पेन सुरुवातीला थैलीत नको, त्याचं लिंग गावागणिक बदलतं.

‘आ आला की पुल्लिंग, ई आली की स्त्रीलिंग’ हा शॉर्टकट देऊ नका. शाळेत बसून ‘शाळा’ शब्दालाच तो लागू पडत नाही. पाणी, दही, लोणी नपुंसकलिंगी. हत्ती, मोती पुल्लिंगी. हात, मान, नाक यांच्या शेवटी तर काही खूणच नाही. वस्तूंवर लिंगाप्रमाणे रंगीत चिठ्ठ्या लावल्या तर चालतील, पण पंधरा दिवसांत काढून टाका, नाहीतर मुलं रंग वाचतात. ‘नपुंसकलिंग’ हा शब्द चौथीपर्यंत तोंडातून काढला नाही तरी आभाळ कोसळत नाही.

तान्हा पोळा आला की लाकडाचा बैल वर्गात आणा. चा-ची-चं शिकवायला त्याहून चांगलं साधन नाही. बैलाचा कान, बैलाची शेपटी, बैलाचं शिंग. मुलं इथं हमखास अडकतात, कारण बैल पुल्लिंगी म्हणून सगळीकडे ‘चा’ लावतात. मग बैल बाजूला ठेवून मातीची गाय घ्या: गाईचा कान, गाईची शेपटी, गाईचं शिंग. जनावर बदललं तरी शेवट तोच राहिला, हे त्यांनीच सांगायचं, तुम्ही नाही. हेच पुढे ‘आंबा खाल्ला, काकडी खाल्ली, संत्रं खाल्लं’ला उपयोगी पडतं, तिथंही खाणाऱ्याकडे न बघता खाल्लेल्याकडे बघायचं असतं.

“माझा पाटी” ऐकलंत की “चूक!” नको. “अरे, ही पाटी तुझी?” एवढंच म्हणा आणि पुढे चला. बऱ्याचदा ते पोर दुरुस्त रूप परत म्हणणार नाही. घाबरू नका, कान शिकत असतो. मार्गदर्शन हवं असेल तर पीडीएफ फिरवणाऱ्या ग्रुपपेक्षा गावातल्या अंगणवाडीताईला विचारा. तिला दोन्ही भाषा येत असतील, तर पोर कशाला काय म्हणतंय ते ती लगेच सांगेल.

अनेकवचन दिवाळीनंतर. कापूस वेचणीमुळे हजेरी तेव्हा निम्म्यावर येऊ शकते, म्हणून रोज थोडंच. आधी पाट्या-माझ्या, मग डबे-माझे. फुलं-माझी सर्वांत शेवटी आणि मध्ये किमान दोन आठवडे ठेवून, कारण ‘माझी’ पाटीला आधीच दिलेली आहे. तो दिवस आला की थैलीत एक पाटी आणि मूठभर फुलं ठेवा, एका मुलाला डोळे मिटून हात घालून “माझी” एवढंच म्हणू द्या, आणि वर्गाला विचारू द्या: “एक का लई?”