माइनक्राफ्ट क्रॅश होतोय, मित्राचा सर्व्हर लागत नाहीये? आधी एरर नीट वाचा

गेम क्रॅश झाला की बरेच जण लगेच सगळं उडवून परत इन्स्टॉल करतात. प्लीज असं करू नका, जावा एडिशनमध्ये वर्ल्ड गेमच्याच फोल्डरात असतात आणि घाईत फोल्डर डिलीट झाला की महिन्यांची मेहनत गेली. आधी सेव्हज फोल्डर दुसरीकडे कॉपी करा, मग पुढचं.

लाँचरच्या इन्स्टॉलेशन्समध्ये फोल्डरचा आयकॉन असतो, त्यातून क्रॅश रिपोर्ट्समधली सगळ्यात नवी फाइल नोटपॅडमध्ये उघडा. लांबलचक आहे म्हणून घाबरू नका, कंट्रोल एफ मारून 'कॉज्ड बाय' (Caused by) शोधा, बऱ्याचदा दोषी मॉडचं (गेममध्ये बाहेरून घातलेल्या बदलाचं) नाव तिथेच सापडतं. नाही सापडलं तर 40 पैकी 20 मॉड बाहेर काढून चालवून बघा, मग 10, असं निम्मं निम्मं करत जा (पण बाकीचे मॉड ज्यावर चालतात ते लायब्ररी मॉड काढू नका, नाहीतर भलताच एरर येईल). आउट ऑफ मेमरी दिसलं तर गेमला दिलेली रॅम 2 जीबीची 4 करा, पण 8 जीबीच्या मशीनवर 7 दिली तर विंडोजला काही उरत नाही आणि गेम अजूनच अडखळतो. सर्व्हर स्वतः चालवत असाल तर जावाचं व्हर्जनही बघा, 1.18 ला जावा 17 लागतं, 1.20.5 ते 1.21 च्या व्हर्जन्सना 21.

आता कनेक्शन. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणजे मशीनपर्यंत पोचलात पण त्या पोर्टवर (मशीनच्या नंबर दिलेल्या दारावर) कोणी ऐकत नाहीये, सर्व्हर बंद असेल किंवा पोर्ट चुकलाय. नेहमीचा पोर्ट 25565, पण लॅनला ओपन केलेल्या वर्ल्डचा दरवेळी बदलतो, तो चॅटमध्ये दिसतो. 'टाइम्ड आउट' आलं तर उत्तरच येत नाहीये, मग फायरवॉल, पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेलं कनेक्शन राउटरने सर्व्हरच्या मशीनकडे पाठवणं), आयपी म्हणजे मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता, हे तपासा. सर्व्हरच्याच मशीनवरून लोकलहोस्ट (localhost, म्हणजे तीच मशीन) टाकून जॉइन करा, ते चाललं तर घरातल्या दुसऱ्या मशीनवरून 192.168 वाला आयपी, शेवटी बाहेरच्या मित्राला पब्लिक आयपी (इंटरनेटवरून दिसणारा पत्ता) द्या. जिथे अडलं तिथेच घोळ आहे. घरातच अडत असेल तर कोणी गेस्ट वायफायवर नाही ना ते बघा.

एवढं करूनही बाहेरून लागत नसेल तर राउटरच्या पेजवर वॅन आयपी (प्रोव्हायडरने राउटरला दिलेला पत्ता) बघा, मी हे शेवटी बघितलं आणि अख्खा रविवार गेला होता. तो 100.64 ते 100.127 मधला असेल तर तुम्ही प्रोव्हायडरच्या शेअर्ड आयपीमागे आहात, पोर्ट कितीही फॉरवर्ड करा, बाहेरचं कोणी आत येणार नाही. प्रोव्हायडरकडून पब्लिक आयपी मागा, नाहीतर ज्याच्याकडे तो आहे त्या मित्रालाच होस्ट करू द्या.