पोलंडची एक्स्त्राक्लासा अख्खा सीझन फॉलो करायचीय? मग असं करा

एक्स्त्राक्लासा म्हणजे पोलंडची फुटबॉलची सगळ्यात वरची लीग. इंग्लंड-स्पेनच्या त्याच त्याच टीम बघून ज्यांना कंटाळा आलाय, किंवा जे नोकरी-शिक्षणासाठी वॉर्सा, क्राकुफ, व्रोत्सवाफला जाऊन बसलेत आणि शनिवारी ट्राममध्ये स्कार्फवाले ओरडताना बघून "हे काय चाललंय नेमकं" असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा, की लीग बघायची म्हणजे टेबलचा वरचा भाग बघायचा. इथे तसं केलं तर अर्धी मजा गेली. २०२३-२४ चंच घ्या. ब्यावस्तोकची यागिएल्लोन्या त्या आधीच्या सीझनला १४ वी आली होती, म्हणजे खाली जाता जाता वाचलेली टीम, आणि पुढच्याच वर्षी क्लबच्या इतिहासातलं पहिलं टायटल, कोच आद्रियान शेम्येन्येत्स तेव्हा बत्तिशीतला पोरगा. दुसरी आली श्लोंस्क व्रोत्सवाफ, पॉइंट दोघांचे सेम, ६३-६३. आणि हीच श्लोंस्क पुढच्या वर्षी रेलिगेट! उपविजेते ते थेट खालच्या लीगमध्ये, एका वर्षात. कारण तसं साधं होतं, टीमच्या ५० गोलांपैकी १९ एकट्या एरिक एक्स्पोसितोने मारलेले आणि तो उन्हाळ्यात कतारला निघून गेला. त्यामुळे इथे टेबल कायम दोन्ही टोकांनी वाचायचं, कारण यंदा वर दिसणारी टीम पुढच्या वर्षी खाली सापडू शकते, आणि उलटंही.

फॉरमॅट सोपाय, पटकन उरकतो. १८ टीम (२०२१-२२ पासून, त्याआधी १६ होत्या), प्रत्येकाशी घरी-बाहेर मिळून ३४ मॅच, शेवटच्या तीन खाली. खालच्या लीगमधून पहिल्या दोन थेट वर येतात, तिसऱ्या ते सहाव्यामध्ये प्लेऑफ होऊन तिसरी टीम ठरते. जुने सीझन चाळत असाल तर २०१३-१४ ते २०१९-२० च्या टेबलांनी डोकं फिरेल, तेव्हा ३० मॅचनंतर लीगचे दोन तुकडे करून आणखी सात मॅच खेळवायचे, आणि त्यातली पहिली चार वर्षं तर मध्येच सगळ्यांचे पॉइंट अर्धे करायचे. वर्षभर घाम गाळून कमावलेली आघाडी एका रात्रीत निम्मी! कुणाच्या सुपीक डोक्यातून आलं असेल देव जाणे. ते वाचून आजचा सीझन समजायला जाऊ नका.

नावांचं जरा बघून घ्या, नाहीतर कॉमेंट्री ऐकताना कोण कोणाशी खेळतंय तेच कळणार नाही. लेगिया नाही, लेग्या. लेच नाही, लेख. राको नाही, राकुफ. जे आपण लोड्झ म्हणून वाचतो ते शहर म्हणजे वुच. श्चेचिनची पोगोन, झाब्झेचा गुर्निक, ग्लिवित्सेचा प्यास्त. एक-दोन आठवडे कॉमेंट्री ऐकली की कान तयार होतो.

आता मुख्य काम, टीम निवडणे. न्यूट्रल राहून ही लीग बघवत नाही, खरं सांगतो. एखादी टीम धराच. लेग्या वॉर्सा सगळ्यात श्रीमंत आणि सगळ्यात जास्त टायटलवाली, १५, पण तिचा राग करणारेही अख्ख्या देशात, त्यामुळे विचार करून. लेख पोझ्नान म्हणजे लेवांडोव्स्की बाहेर पडायच्या आधी जिथे खेळला तो क्लब, २०१० ला टायटल जिंकून १८ गोलांसह टॉप स्कोरर होऊन तो डॉर्टमुंडला गेला. मैदानाकडे पाठ करून खांद्यावर हात टाकून उड्या मारायची जी स्टाइल मँचेस्टर सिटीवाल्यांची म्हणून ओळखली जाते ती मूळची यांची बरं का, २०१० ला लेखचे लोक तिकडे मॅचला गेले तेव्हा सिटीवाल्यांनी बघून उचलली. राकुफ हा चेंस्तोहोवाचा क्लब, काळ्या मेरीच्या मठामुळे जिथे अख्खा पोलंड पायी वारी करत येतो ते गाव. २०१६ ला तिसऱ्या पातळीवर होते, मारेक पापशुन नावाचा आधी शाळेत इतिहास शिकवणारा कोच आला आणि २०२३ ला हे चॅम्पियन. जुना इतिहास आवडत असेल तर गुर्निक झाब्झे, कोळसा खाणींच्या पट्ट्यातला क्लब, १४ टायटल पण शेवटचं १९८८ चं, १९७० ला युरोपियन कप विनर्स कपची फायनल खेळलेला. लुकास पोडोल्स्की, हो तोच जर्मनीकडून वर्ल्डकप जिंकलेला, त्याचा जन्म शेजारच्या ग्लिवित्सेचा, म्हातारपणी इथे खेळीन म्हणाला होता आणि २०२१ ला खरंच आला.

आणि ज्यांना दुःखच पाहिजे त्यांनी पोगोन श्चेचिन घ्यावी. चांगलं खेळतात, स्टेडियम नवं, २०२४-२५ ला त्यांच्या एफ्थिमिस कुलुरिसने २८ गोल ठोकले, आणि तरी कपाटात आजवर लीग नाही की पोलिश कप (खालच्या लीगच्या टीमही खेळतात ती वेगळी नॉकआउट स्पर्धा) नाही. २०२४ ची कप फायनल हरले, तीपण विस्वा क्राकुफशी, जी तेव्हा एक पातळी खालच्या लीगमध्ये होती. २०२५ ला परत फायनल, परत हरले, ४-३ लेग्याशी. माझा जीव यांच्यातच अडकलाय, का ते विचारू नका.

वेळेचं गणित, भारतात बसून बघणार असाल तर हे कुठेतरी लिहून ठेवा. उन्हाळ्यात आपण पोलंडच्या साडेतीन तास पुढे, ऑक्टोबरचा शेवटचा रविवार ते मार्चचा शेवटचा रविवार साडेचार तास. एक राउंड साधारण शुक्रवार ते सोमवार पसरलेला असतो. शुक्रवारची सहाची मॅच म्हणजे आपल्याकडे रात्री साडेनऊ, साडेआठची मॅच म्हणजे बरोबर मध्यरात्र आणि थंडीत तर एक वाजतो, ती सोडा, हायलाइट्स बघा. बेस्ट म्हणजे शनिवार-रविवारची पावणेतीनची मॅच, आपली संध्याकाळची सव्वासहा, थंडीत सव्वासात, चहा घेऊन बसायची वेळ. लीगच्या ऑफिशियल यूट्यूब चॅनलवर हायलाइट्स येतात, तुम्ही राहता त्या देशात लाइव्ह कुठे दिसतं ते लीगच्या साइटवरून बघून घ्या. आकडे, लाइनअप, जुने निकाल यासाठी नाइन्टी-मिनुट नावाची पोलिश साइट आहे, दिसायला वीस वर्षं जुनी पण सगळं तिथे सापडतं. लीगची स्वतःची फँटसी (खरे खेळाडू निवडून आपली टीम बनवायचा ऑनलाइन गेम) पण आहे, महिनाभर खेळलात की बेंचवरच्या पोरांचीही नावं पाठ होतात.

सीझन जुलैच्या मध्यानंतर चालू होतो आणि इथेच नवीन माणूस फसतो. जुलै-ऑगस्टमध्ये वरच्या टीम युरोपच्या स्पर्धांच्या (चॅम्पियन्स लीग, युरोपा लीग, कॉन्फरन्स लीग) क्वालिफायर म्हणजे पात्रता मॅच खेळत असतात, आठवड्याला दोन मॅच, कझाकिस्तान नाहीतर आइसलंडपर्यंत प्रवास, मग लीगच्या मॅच पुढे ढकलतात. त्यामुळे सप्टेंबरपर्यंत टेबलमध्ये पॉइंटच्या आधी "किती खेळले" तो रकाना बघायचा. शिवाय युरोप जिंकायला गेलं की घरी मार खायचा हा इथला जुना रोग. २०२१-२२ ला लेग्या चॅम्पियन म्हणून उतरली, युरोपा लीगमध्ये स्पार्टाक मॉस्को आणि लेस्टरला हरवलं, आणि लीगमध्ये डिसेंबरला रेलिगेशनच्या जागेत! शेवटी कशीबशी दहावी. हल्ली मात्र मोठ्या टीम दोन्ही आघाड्या बऱ्या सांभाळायला लागल्यात, २०२४-२५ ला लेग्या आणि यागिएल्लोन्या दोघी कॉन्फरन्स लीगच्या क्वार्टर फायनलला पोचल्या, लेग्याने तर चेल्सीला त्यांच्या घरात २-१ हरवलं, पहिला लेग, म्हणजे दोनपैकी आधीची मॅच, ०-३ गेला होता म्हणून उपयोग झाला नाही ते सोडा. म्हणून सीझनच्या सुरुवातीला युरोप नसलेली एखादी मधली टीम वर दिसली तर लगेच डार्क हॉर्स म्हणून नाचू नका, तिचे पाय ताजे आहेत एवढाच अर्थ काढा.

टेबलचंच अजून एक. पॉइंट सेम झाले तर आधी गोल फरक नाही, आपसातल्या मॅच बघतात. त्यामुळे ज्या दोन टीम जवळजवळ आहेत असं वाटतं त्यांच्या पहिल्या लढतीचा निकाल टिपून ठेवा, मे महिन्यात कामाला येतो. ॲपमधलं टेबल बऱ्याचदा गोल फरकाने लावलेलं असतं, ते चुकीचं दाखवू शकतं. आणि नावापुढे चांदणी दिसली तर खालची टीप वाचा, पैशांच्या भानगडीवरून लायसन्स कमिटी पॉइंट कापते, लेख्या ग्दान्स्कने २०२५-२६ चा सीझन उणे पाचपासून चालू केला होता.

डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत लीग बंद. निम्म्याहून थोडे जास्त मॅच झालेले असतात, टीम तुर्कस्तान नाहीतर स्पेनला कॅम्पला जातात, कोच उडतात, नवे येतात, जानेवारीत खेळाडू विकले जातात. माझं म्हणणं असं की या दीड महिन्यात पेपर वाचणं हे दोन-चार मॅच बघण्यापेक्षा जास्त उपयोगाचं. आपल्या टीमचा मेन स्ट्रायकर गेला का, गोलकीपर कोण आला, एवढं कळलं तरी वसंतातली टीम वेगळीच असते हे लक्षात येतं. फेब्रुवारीचे पहिले मॅच मात्र बघाच, मैदानाखाली हीटिंग सक्तीचं आहे म्हणून गवत हिरवं राहतं पण आजूबाजूला बर्फाचे ढीग, खेळाडूंच्या तोंडातून वाफा, आणि पहिला टच असा जातो की बास.

पोलंडमध्येच असाल तर स्टेडियमला जा. तिकीट नावावर असतं, ऑनलाइन काढताना त्यांचा राष्ट्रीय ओळख नंबर मागतात, तो नसेल तर पासपोर्ट नंबर टाकायचा आणि जाताना तोच पासपोर्ट खिशात ठेवायचा. पहिल्यांदा जाताना कट्टर लोकांचा स्टँड घेऊ नका, लेग्याचा झिलेता काय किंवा लेखचा कोचो काय, तिथे सीट नंबरला काही अर्थ नसतो, ९० मिनिटं उभं राहून ओरडायचं असतं आणि मोबाइल काढून त्यांचं शूटिंग केलेलं त्यांना अजिबात खपत नाही. बाजूचा किंवा फॅमिली सेक्टर घ्या, तिथून तो स्टँड छान दिसतो. ग्रिलवरचं सॉसेज घ्या, सूर्यफुलाच्या बिया घ्या, बिअर मिळाली तर पातळच असते, साडेतीन टक्क्यांच्या वर कायद्यानेच नाही. विझेव वुचच्या तिकिटाच्या नादाला लागू नका, १८ हजाराचं स्टेडियम आणि बहुतेक सीटा सीझन तिकीटवाल्यांनीच धरलेल्या.

कपड्यांचं भान ठेवा. आमच्या कोल्हापुरात पाटाकडील-दिलबहार या क्लबांच्या फुटबॉल मॅचच्या दिवशी कुठल्या पेठेत कुठला टीशर्ट घालायचा नाही हे लहान पोराला पण कळतं, तेच इथे चौपट करून घ्या. क्राकुफमध्ये तर क्राकोव्या की विस्वा हे गल्लीगल्लीवर ठरतं, भिंतींवर लिहिलेलं असतं, त्यामुळे क्लबचा स्कार्फ पिशवीत ठेवून स्टेडियमच्या दारात गळ्यात घालायचा. क्लबांची आपसात दोस्ती पण असते, लेख, आर्का ग्दिन्या आणि क्राकोव्या यांची जुनी, ती माहीत असली की दुसऱ्याच मॅचमध्ये तिसऱ्याचा झेंडा का दिसतोय ते कळतं. बाकी माणसं प्रेमळ, कोल्हापूर म्हटल्यावर एखादा म्हातारा वळिवड्याचं नाव काढू शकतो, दुसऱ्या महायुद्धात पाचेक हजार पोलिश लोक तिथल्या छावणीत राहिलेले, मग गप्पा मॅचवरून कुठच्या कुठे जातात.

मार्चनंतर वेळ काढून ठेवा. एप्रिलमध्ये खालच्या पाच-सहा टीमची आपसातली मॅच असली तर ती टॉपच्या मॅचपेक्षा आधी निवडा, सुंदर फुटबॉल दिसणार नाही पण बचावात पडणारी अंगं, ८५ व्या मिनिटाला वेळ काढणारा गोलकीपर, साइडलाइनला लालेलाल झालेला कोच, हे सगळं तिथेच. २ मे ला बहुतेक कप फायनल असते, वॉर्साच्या नॅशनल स्टेडियमवर, जिंकणाऱ्याला युरोपा लीगच्या क्वालिफायरचं तिकीट, म्हणून लीगमध्ये आठव्या नवव्या असलेल्या टीमचा अख्खा सीझन त्या एका दिवसावर टांगलेला असू शकतो.

आणि शेवटचा राउंड, मेच्या शेवटाला, नऊच्या नऊ मॅच एकाच वेळी. २०२५ ला लेख ७० आणि राकुफ ६९ वर संपले, दोघेही शेवटच्या दिवशी जिंकले, लेखने प्यास्तला फक्त १-० हरवलं, म्हणजे एक गोल इकडचा तिकडे झाला असता तर ट्रॉफी चेंस्तोहोवाला. अशा दिवशी मोठ्या स्क्रीनवर एकच मॅच लावा, मोबाइलवर लाइव्ह टेबल, आणि आपसातल्या निकालांची ती जी यादी केली होती ती हाताशी. टायटल आधीच ठरलं असेल तर सरळ रेलिगेशनवाली मॅच लावा. पुढच्या सीझनचं वेळापत्रक जूनमध्ये येतं, त्यात आपल्या टीमची शेवटची मॅच कोणाशी आणि घरी की बाहेर तेवढं आधी बघायचं, बाकीचं नंतर.