गणिताच्या वर्गातील शैक्षणिक साहित्य: या चुका टाळा

तिसरीच्या वर्गात 52 − 27 हे उदाहरण काड्या आणि गठ्ठे देऊन सोडवायला सांगितले, तर थोड्या सरावानंतर बहुतेक मुले 25 हे उत्तर काढतात. तेच उदाहरण वहीत उभ्या मांडणीत करायला दिले की त्यांतलीच काही मुले 35 लिहितात, कारण एककाच्या घरात दोनातून सात जात नाहीत असे दिसताच ती सातातून दोन वजा करून मोकळी होतात. अशी दोन उत्तरे काढलेल्या एका मुलीला मी विचारले, की यांतले खरे कोणते. तिने शांतपणे सांगितले, "ते काड्यांचं उत्तर आहे सर, आणि हे वहीचं."

साहित्य वापरताना होणाऱ्या निम्म्याहून अधिक चुकांचे मूळ या एका उत्तरात आहे. मुलांच्या लेखी काड्यांचे गणित आणि वहीचे गणित हे दोन वेगळे विषय होऊन बसतात, आणि ते तसे होतात ते आपल्या शिकवण्यामुळे.

आठवडाभर काड्या, नंतर वही

सर्वांत मोठी चूक वेळापत्रकाची आहे. पाठाच्या सुरुवातीला साहित्य, नंतर फळ्यावर रीत आणि शेवटी वहीत सराव, असा क्रम आपण लावतो आणि एका टप्प्यातून दुसऱ्यात मूल आपोआप जाईल असे धरून चालतो. त्याऐवजी हाताची प्रत्येक कृती झाल्याबरोबर तिची खूण कागदावर उमटली पाहिजे. समोर पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या आहेत. सात काड्या द्यायच्या आहेत, पण सुट्या पुरत नाहीत, म्हणून मूल एका गठ्ठ्याचे रबर काढते. इथेच थांबवावे. आता गठ्ठे किती? चार. मग वहीतला 5 खोडून त्यावर 4 लिहायचा. सुट्या किती? बारा. तर 2 खोडून त्यावर 12 लिहायचे. त्यानंतरच सात काड्या बाजूला काढायच्या आणि खाली 5 लिहायचे. मग दोन गठ्ठे द्यायचे आणि दशकाच्या घरात उरलेले 2 लिहायचे. जोडीतल्या एकाने काड्या हाताळाव्यात, दुसऱ्याने लिहावे आणि पुढच्या उदाहरणाला कामे बदलावीत. ज्याच्या हाती पेन्सिल आहे, तो समोरच्याला "थांब, अजून लिहिलं नाही" असे म्हणू लागला, की जोड बसू लागली असे समजावे.

याच ठिकाणी "शेजारच्याकडून एक उसना घेतला" हे आपले वाक्यही तपासून पाहावे. उसना घेतलेला तो एक कधी परत केला जात नाही हे सोडाच, पण तो मुळात एक नसून दहा असतो. "एक दशक सुटे केले" असे म्हटले, तर हातात घडलेले आणि तोंडाने बोललेले एकच राहते.

दुसरी चूक बांधून तयार ठेवलेल्या गठ्ठ्यांची. वेळ वाचावा म्हणून शिक्षक आदल्या दिवशी दहा-दहाचे गठ्ठे बांधून आणतात. ज्याने स्वतः दहा मोजून रबर लावलेले नसते, त्याच्यासाठी गठ्ठा म्हणजे एक जाड काडी असते, त्यामुळे ती सोडता येते हे त्याला सुचतच नाही. खेळण्यातल्या नोटा तर आणखी पुढची पायरी आहेत. दहाच्या नोटेत दहा वस्तू दिसत नाहीत, तिचे मूल्य केवळ मानायचे असते आणि ती सोडता येत नाही, मोडून घ्यावी लागते. म्हणून आधी बांधता-सोडता येणाऱ्या काड्या, मग दहाच्या खुणा असलेले दशकदांडे आणि शेवटी नोटा, हा क्रम उलटा करू नये.

काड्या कोणत्या बाजूला ठेवायच्या, हा आपल्या भाषेत विशेष नाजूक प्रश्न आहे. "पंचवीस" म्हणताना पाच आधी ऐकू येतात आणि वीस नंतर, पण लिहिताना 2 आधी येतो. "एकोणतीस" ऐकणाऱ्याला तीस ऐकू येतात, आणि लिहायचे असतात 2 आणि 9. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात सत्तावीसच्या जोडीला "वीस सात" असे वाचन आले, तेव्हा त्यावर बरीच टीका आणि थट्टा झाली. त्या वादात कोणाचीही बाजू घेतली, तरी मुलांची अडचण खरीच आहे. शिक्षक समोरासमोर उभे राहून काड्या मांडतात तेव्हा त्यांचा डावा हात मुलांच्या उजवीकडे असतो, त्यामुळे गोंधळात भरच पडते. मांडणी मुलांच्या बाजूने करावी आणि चटईवर दशक-एककाची घरे आखून घ्यावीत.

अर्धी भाकरी कोणाची?

अपूर्णांकांसाठी भाकरी किंवा वर्तुळाकार पुठ्ठा हे एकच साहित्य वर्षानुवर्षे वापरले जाते. वर्तुळाचे दोन आणि चार समान भाग सहज होतात, तीन किंवा पाच करताना मात्र मुले उभ्या समांतर रेषा मारतात आणि मधला भाग फुगतो. कागदाच्या सारख्या लांबीच्या पट्ट्यांना घड्या घालणे यापेक्षा कितीतरी सोयीचे आहे. त्यातही एक काळजी घ्यावी लागते, ती अशी की तुलना करायच्या दोन्ही अपूर्णांकांचा पूर्ण एकच असावा. लहान पट्टीचा अर्धा आणि मोठ्या पट्टीचा तृतीयांश शेजारी ठेवले, तर 1/3 मोठा ठरू शकतो आणि डोळ्यांना दिसले तेच मुले खरे मानतात. 1/2 + 1/3 शिकवताना 12 चौकटींची पट्टी घ्यावी. अर्ध्या म्हणजे 6 चौकटी आणि तृतीयांश म्हणजे 4, मिळून 12 पैकी 10, म्हणजेच 5/6. वरचे आणि खालचे आकडे वेगवेगळे मिळवून मुले काढतात ते 2/5 हे उत्तर अर्ध्यापेक्षाही लहान आहे, हे त्याच पट्टीवर मुलांना स्वतःच दिसते.

भूमितीत साहित्य कधीकधी उलटेच शिकवते. पुठ्ठ्याचा त्रिकोण नेहमी पाया खाली ठेवून दाखवला, तर टोकावर उभा केलेला त्रिकोण मुलांना त्रिकोण वाटत नाही. लांब भुजांचा कोन त्यांना मोठा वाटतो, म्हणून एकाच मापाचे कोन आखूड आणि लांब पट्ट्यांनी करून एकमेकांवर ठेवून दाखवावेत. समांतरभुज चौकोनाबाबतची चूक तर शिक्षकांचीही होते. 10 आणि 6 सेंटिमीटरच्या चार पट्ट्या खिळ्यांनी जोडून आयत केला, तर त्याचे क्षेत्रफळ 60 चौरस सेंटिमीटर असते. ती चौकट तिरपी ढकलली की परिमिती 32 सेंटिमीटरच राहते, पण उंची कमी होऊन क्षेत्रफळ घटत जाते. पुठ्ठ्याच्या समांतरभुज चौकोनाचा कोपरा कापून दुसऱ्या बाजूला लावला, तर क्षेत्रफळ तेच राहते आणि सहसा परिमिती बदलते. ही दोन साहित्ये एकाच तासाला, फरक न सांगता वापरली, तर पाया गुणिले तिरपी बाजू हे चुकीचे सूत्र मुलांच्या डोक्यात पक्के बसते.

वर्गातला गोंधळ

मुले साहित्याशी खेळतच बसतात, ही तक्रार रास्त असली तरी उपाय सोपा आहे: नवे साहित्य दिल्यावर पहिली पाच-दहा मिनिटे त्यांना खेळू द्यावे आणि मग काम सांगावे. साहित्य हरवेल, नोंदवहीत कमी भरेल या भीतीने पेटी कपाटात राहत असेल, तर रोजच्या वापरासाठी चिंचोके, काड्या आणि जुन्या वह्यांचे पुठ्ठे वेगळे ठेवावेत.

याउलट, चौथीतले मूल 8 + 7 साठीही काड्या मोजत असेल, तर त्या हिसकावून घेऊ नयेत. काड्या डब्यात घालून झाकण लावावे, डबा त्याच्यासमोरच ठेवावा आणि विचारावे, की आठाचे दहा करायला सातातल्या किती लागतील, आणि मग किती उरतील. त्याने उत्तर दिल्यावर झाकण उघडून ते त्यालाच पडताळू द्यावे.