वेल्सला गोल्फ खेळायला चालले? आधी माती पाहा, मंग कोर्स ठरवा

पेन्शनीत आल्यापासून मी दोनदा वेल्सला जाऊन आलो, कारण पोरगी अन् जावई कार्डिफला राहतात. गोल्फ मी फौजेत शिकलो, छावणीतल्या कोर्सवर, अन् गावी येऊन वावर पाहायला लागलो तरी ते वेड काही सुटलं नाही. आता जुने फौजी दोस्त अन् ज्यांची पोरं तिकडे आहेत असे दोन-चार जण फोन करून विचारून राहिले, का भाऊ कोणता कोर्स बुक करू, नेटवर तर सगळ्यांचेच फोटो एकापेक्षा एक दिसतात. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आपण वावर घेतो तेव्हा काय पाहतो? माती पाहतो, पावसाचं पाणी कुठून येतं अन् कुठं निघून जातं ते पाहतो. कोर्स पण तसाच निवडा. नाव, फोटो, रेटिंग सगळं त्याच्यानंतर.

पहिल्या खेपेला मी हे केलं नाही. ऑक्टोबरचा महिना होता, मी नाव पाहून एका पार्कलँड कोर्सचं बुकिंग करून टाकलं, म्हणजे आतल्या भागातला, मोठी झाडं, तळी, गालिच्यासारखं गवत असा. आदल्या दोन दिवसांत पाऊस झाला होता. पहिलाच ड्राइव्ह, म्हणजे होलचा पहिला लांब फटका, चांगला बसला पण बॉल जिथं पडला तिथंच अर्धा रुतून बसला, एक इंच पुढं सरकला नाही, अन् जोड्यांना चिखल असा चिकटला का आषाढात आपल्या काळ्या जमिनीत पाय टाकावा अगदी तसा, दर दोन होलला (होल म्हणजे खेळाचा एक टप्पा, पूर्ण खेळाचे अठरा) काडीनं खरवडत होतो. नवव्या होलला सोडून दिलं. फी परत मिळाली नाही कारण कोर्स काही बंद नव्हता. तिथल्या मातीचा काही दोष नाही, भारी जमीन पाणी धरणारच, पाहून जायला मी पाहिजे होतो.

न्यूपोर्टच्या सेल्टिक मॅनॉरला २०१० साली रायडर कप, म्हणजे युरोप-अमेरिकेचा मोठा गोल्फ सामना, झाला तोही ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच. अस्क नदीच्या खोऱ्यातला कोर्स, पहिल्याच दिवशी पावसानं खेळ सात तासांवर थांबला, अन् रायडर कपच्या इतिहासात पहिल्यांदा सामना चौथ्या दिवशी, सोमवारी संपला. एवढा पैसा ओतलेल्या कोर्सची ही गत, तर साध्या क्लबांचं काय ते समजून घ्या. सेल्टिक मॅनॉर घ्यायचाच असला तर बिनधास्त घ्या, कार्डिफहून जवळ पडतो, पण जून-जुलैमध्ये, दोन-चार कोरडे दिवस गेल्यावर.

आता समुद्राकाठचे कोर्स. त्यांना लिंक्स म्हणतात. ही जमीन म्हणजे निव्वळ वाळू, समुद्रानं अन् वाऱ्यानं आणून टाकलेली, तिच्यावर बारीक ताठ गवत, झाडं जवळपास नाहीतच. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर आपल्या बरडापेक्षाही हलकी. आपल्याकडे पाऊस झाला का वाफसा यायला तीन-चार दिवस वाट पाहावी लागते, इथं सर गेली का पंधरा मिनिटांत वाफसा. ॲबरडवीला दुसऱ्या खेपेला हे मी बोटानं पाहिलं. चांगली जोराची सर येऊन गेली होती, मी आयर्ननं, म्हणजे लोखंडी काठीनं, मारलं अन् डिव्हॉट, म्हणजे गवताचा तुकडा, निघाला, त्या खड्ड्यात बोट घातलं तर वरची पेरभर माती ओली अन् खाली कोरडी सळसळीत वाळू, शिंपल्याचे बारके तुकडे नखात आले. असल्या जमिनीवर बॉल पडून थांबत नाही, पळतो. तीस-चाळीस यार्ड फुकटात मिळतात, अन् साठीतल्या माणसाला ते लागतातच. म्हणून माझा पहिला नियम, सप्टेंबरच्या मधापासून एप्रिलपर्यंत जात असाल तर लिंक्सच धरा, आतल्या कोर्सच्या नादी लागू नका.

ही वाळू काय करू शकते ते हार्लेकला दिसतं. तिथला किल्ला एडवर्ड पहिल्यानं १२८० च्या दशकात बांधला तेव्हा समुद्र किल्ल्याच्या पायथ्याशी होता, बोटींनी रसद यायची. मंग समुद्र मागे हटला, वाळू साचली, अन् त्या जागेवर १८९४ साली रॉयल सेंट डेव्हिड्स क्लब सुरू झाला. तुम्ही फेअरवेवर, म्हणजे कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, उभे राहता, वर खडकावर किल्ला, मागे एरीरीचे डोंगर. पेनार्डला याच्या उलटं झालं. गॉवर द्वीपकल्पाच्या कड्यावर पेनार्डचा किल्ला होता, वाऱ्यानं वाळू वर उडून यायला लागली, येतच राहिली, शेवटी लोक किल्ला सोडून गेले. आज त्याच उंचावरच्या वाळूवर कोर्स आहे, लिंक्ससारखाच खेळतो पण समुद्र पार खाली, थ्री क्लिफ्स बे दिसतो. एकच कोर्स खेळायचा आहे असं कोणी म्हटलं तर मी पेनार्ड सांगतो. तिथले चढउतार, उतारावरच्या लाय (बॉल थांबतो त्या जागा), बॉल कुठंही उडून जाणं हे काही जणांना आवडत नाही, मला मात्र त्याच्याइतका जिवंत कोर्स दुसरा वाटला नाही.

पेनार्डवर गायी अन् घोडे चरतात, अन् ब्रिजेंडजवळच्या सदर्नडाउनवर मेंढ्या. घाबरू नका. ती जमीन कॉमन आहे, म्हणजे आपल्या गावची ई-क्लास असते ना तशी, आजूबाजूच्या लोकांचा चराईचा हक्क आहे अन् गोल्फ त्याच्यात सामावून घेतलाय. ढोरं बाजूला होईस्तोवर थांबायचं, हाकलायचं नाही. सदर्नडाउन चुनखडीच्या उंचवट्यावर आहे, पाणी तिथंही थांबत नाही, अन् वारा भल्ला.

माती झाली का दुसरं पाहायचं वारा. तिकडे बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून येतो. रॉयल पोर्थकॉल १८९१ चा क्लब, वेल्समधला सगळ्यात मानाचा म्हणा ना. १९९५ ला इथं वॉकर कप, म्हणजे ब्रिटन-आयर्लंड अन् अमेरिकेच्या हौशी खेळाडूंचा सामना, झाला, एकोणीस वर्षांचा टायगर वूड्स अमेरिकेकडून खेळला अन् अमेरिका हरली. २०२५ ला महिलांचं ओपनही इथंच झालं. या कोर्सला वाळूच्या मोठ्या टेकड्या नाहीत म्हणून प्रत्येक होलवरून समुद्र दिसतो, लोक त्याचं कौतुक करतात, पण त्याचाच दुसरा अर्थ असा का वाऱ्याला अडवायला काहीच नाही. तुमचा बॉल उंच जात असेल अन् हँडिकॅप (खेळाचा दर्जा सांगणारा आकडा, जास्त असला का खेळ कच्चा) वीसच्या वर असेल तर ही फी, जी शंभर पौंडांच्या वर सहज जाते, एकदा विचार करून द्या. त्यापेक्षा टेन्बी पाहा, १८८८ चा, वेल्समधला जुन्यात जुना क्लब म्हणतात, तिथं टेकड्यांच्या आड थोडा निवारा मिळतो. वाऱ्यात स्ट्रोक, म्हणजे फटके, मोजत बसू नका, स्टेबलफर्ड खेळा, म्हणजे प्रत्येक होलला गुण मिळवायचे, होल बिघडला का शून्य लिहून बॉल उचला अन् पुढे चला. ही पद्धत फ्रँक स्टेबलफर्ड नावाच्या डॉक्टरनं १८९८ साली पहिल्यांदा करून पाहिली ती कार्डिफजवळच्या पेनार्थच्या ग्लॅमॉर्गनशर क्लबातच.

तिसरी गोष्ट रस्ता. नकाशावर वेल्स छोटा दिसतो अन् तिथंच लोक फसतात. दक्षिणेकडून उत्तरेकडे जायला सरळ मोठा हायवे नाही, डोंगरातले वळणाचे रस्ते, कुंपणातून एकच गाडी जाईल असे, अन् सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर ताशी वीस मैलांची मर्यादा. रस्त्यावर मोठ्या अक्षरांत ‘अराफ’ लिहिलेलं दिसलं का समजायचं हळू चालवा, वेल्श भाषेतला शब्द आहे तो. कार्डिफहून हार्लेकला सहज चार तास लागतात. म्हणून एका आठवड्यात एकच बाजू धरा. दक्षिण धरली तर पोर्थकॉल, सदर्नडाउन, पेनार्ड, टेन्बी. पश्चिम अन् उत्तर धरली तर बोर्थ, ॲबरडवी, हार्लेक, नेविन, कॉनवी. दोन्ही करायचा मोह होतोच, पण मंग सुट्टी गाडीतच जाते अन् कंबर धरते ते वेगळं.

गाडी चालवायची नसेल तर पश्चिमेची बाजू फार सोयीची. बोर्थ, ॲबरडवी अन् हार्लेक तिघांना रेल्वे स्टेशन आहे, अन् ॲबरडवीला तर गाडीतून उतरलं का समोर क्लबहाउस. ॲबरडवीहून हार्लेककडे जाताना गाडी बार्मथच्या लाकडी पुलावरून खाडी ओलांडते, खिडकीची जागा धरा. बोर्थला ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर हजारो वर्षांपूर्वीच्या बुडालेल्या जंगलाचे खोडके उघडे पडतात, भरती-ओहोटीची वेळ पाहून टी टाइम, म्हणजे खेळ सुरू करायची वेळ, घेतलात तर दोन्ही होईल.

नेविन मात्र गाडीनंच. लिन द्वीपकल्पावर, समुद्रात घुसलेल्या अरुंद टोकावर होल आहेत, दोन्ही बाजूला पाणी, अन् खाली पोर्थडिन्लाईनला वाळूतच एक जुना पब. फॉरकास्टमध्ये वारा जास्त असला तर तो दिवस बदलून घ्या, टोकावर उभं राहवत नाही.

आतल्या भागातला एकच सांगतो, लानीमिनेक. डोंगरावर, खाली चुनखडीचा खडक. पंधरा होल वेल्समध्ये अन् तीन इंग्लंडमध्ये, चौथ्या होलला टी, म्हणजे पहिला फटका मारायची जागा, वेल्समध्ये अन् ग्रीन, म्हणजे खळीभोवतालचं बारीक गवत, इंग्लंडमध्ये. अमेरिकेतली मोठी स्पर्धा मास्टर्स १९९१ ला जिंकणारा इयन वूझनम इथं खेळून मोठा झाला. फी मोठ्या नावांच्या मानानं बरीच कमी, लोक बोलके.

हिशोब असा करा का सात दिवसांत चारच राउंड. उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी नाही, झोप लागलेली नसते. एक मोठं नाव, तीन छोटे क्लब. शनिवार सोडून द्या, त्या दिवशी बहुतेक क्लबात मेंबरांच्या स्पर्धा असतात, सोमवार ते शुक्रवार मागा. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे दुपारी चारनंतरची ट्वायलाइट फी विचारायची, अठरा होल आरामात होतात अन् पैसे वाचतात. मोठ्या क्लबात हँडिकॅपचं सर्टिफिकेट मागू शकतात, इथल्या क्लबातून लिहून घेऊन फोनमध्ये ठेवा. सेट नेऊ नका, विमानात वजनाची कटकट, तिकडे भाड्यानं मिळतो, पण जोडे स्वतःचेच न्या, पायाला सवय झालेले, अन् पावसाचं जाकीट इथून न घेता तिकडेच घ्या कारण आपल्याकडचं त्या वाऱ्यात दोन होलही टिकत नाही.

बुकिंगचा मेल टाकताना एक ओळ जरूर लिहा, का पाऊस जास्त झाला तर तारीख बदलून मिळेल का. हो म्हणाले तरच पैसे भरा.